चांद मिस्त्रीचं काम

आमच्या गावात काही बिघडलं की लोक म्हणतात, "चांद मिस्त्रीचं काम झालं." नळाची तोटी गळाली, शाळेच्या नव्या भिंतीला चीर गेली, रात्रभर चार्जिंगला लावलेला मोबाईल सकाळी रिकामाच निघाला, की कुणीतरी हे म्हणतं आणि बाकीचे हसतात. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांनी चांद मिस्त्रीला पाहिलेलंसुद्धा नाही. मागच्या महिन्यात ग्रामपंचायतीनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. उद्घाटनाला नाणं टाकलं, बटण दाबलं, यंत्रानं नाणं गिळलं आणि पाण्याचा थेंब दिला नाही. आमचा तरुण सरपंच माईकवरच म्हणाला, "चांद मिस्त्रीचं काम दिसतंय." सगळे हसले. पहिल्या रांगेत, वडीलधाऱ्यांसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार घालून बसलेला मीही हसलो. घरी येताना हार काढायचं भान राहिलं नाही. तसाच बसलो आणि ही वही उघडली. कारण चांद मिस्त्रीनं माझ्या देखत एकही काम खराब केलं नव्हतं. ज्या कामावरून हे बोलणं पडलं, ते काम माझं होतं.

आम्ही मेंढरांवाले. तेर ते कळंबच्या मधल्या रानात आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, मेंढरं चरायची. आबांना वाचता येत नव्हतं, पण मेंढराचा दात बघून त्याचं वय, पाठीवर हात दाबून वजन आणि डोळ्यांत बघून स्वभाव ते सांगत. कोकरू महिन्याचं झालं की त्याच्या उजव्या कानाला दोन खाचा पाडत. बाजारात कुणी आपलंच चोरलेलं जनावर पुन्हा आपल्याला विकू नये, म्हणून ही खूण. मला मात्र मेंढरांचा कंटाळा होता. मी दहावीत दोनदा बसलेला आणि दोन्ही वेळा तिथंच राहिलेला माणूस. शिक्षणानं मला एवढंच दिलं होतं की मेंढरामागं फिरायची लाज वाटायला लागली होती. मी आबांच्या मागं लागलो की गाडी घेऊ. वऱ्हाडं नेऊ, देवदर्शनाच्या सहली नेऊ, बाजाराच्या दिवशी शिटं भरू. आबांनी वर्षभर ऐकून घेतलं आणि एका दसऱ्यानंतर निम्मी मेंढरं विकायला काढली.

गाडी आम्ही सोलापूरला एका जुन्या गाड्यांच्या वखारीतून घेतली. चौदा शिटांची, लांब अंगाची, दुधी रंगाची व्हॅन. आधी ती कुठल्याशा कारखान्याची माणसं ने-आण करत होती आणि तिच्या अंगावर कारखान्याचं नाव खरवडल्याचे ओरखडे होते. आबांनी गाडी पाहिली ती मेंढा पाहावा तशी. आधी लांबून चालवून बघितली. मग जवळ जाऊन कुशीवर थाप मारली. मेंढ्याचे ओठ वर करावेत तसं बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून हुंगलं. टायरमध्ये अंगठा दाबला. शेवटी समोर उभं राहून दिव्यांत टक लावून बघत राहिले आणि मला कानात म्हणाले, "डोळं निवळ हायती. आजारी न्हाय." मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, व्यापाऱ्याच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरून भाव दाबला. जनावराच्या बाजारात असाच भाव होतो, तिसऱ्याला कळत नाही. त्या व्यापाऱ्याला वाटलं की म्हातारा हात धरून काही तरी वेगळंच सांगतोय. त्यानं हात ओढून घेतला. आबांनी तो नकार समजला आणि एक बोट वाढवलं. तिथं मी, शिकलेला मुलगा, मध्ये पडून व्यवहार समजावून सांगायला हवा होता. पण मी तेव्हा आरशात बघून भांग पाडत होतो. गाडीचा आरसा आमच्या घरातल्या आरशापेक्षा मोठा होता.

डोळे निवळ होते हे खरं. बाकी एकही अवयव धड नव्हता, हे घरी येईपर्यंतच कळलं. वैरागच्या अलीकडं रेडिएटरमधून वाफ आली, पुढं सरकता दरवाजा रुळावरून उतरून रस्त्यात पडला आणि गावच्या वेशीत गाडी बंद पडली ती ढकलतच दारात आली. मायनं ओवाळायला ताट आणलं होतं. तिनं गाडीला ओवाळलं, आम्हा दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "जिती हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी आबा चांद मिस्त्रीला घेऊन आले. वेशीबाहेर चिंचेखाली मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. चार तालुक्यांतले ट्रॅक्टर, जीपगाड्या, ऑइल इंजिनं त्यांच्याकडं यायची. उंच, किडकिडीत माणूस, कानामागं पेन्सिल, आणि हातांना कितीही ऑइल लागलं तरी पांढरी टोपी स्वच्छ. त्यांनी गाडी सुरू करायला सांगितली, डोळे मिटून तिच्या कुशीला कान लावला आणि मग आबांना समजेल अशा भाषेत दुखणी सांगितली. इंजिन ऑइल पितंय, म्हणून धूर निळा. क्लच प्लेट झिजलीय, म्हणून चढाला दम लागतो. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, म्हणून लंगडते. सेल्फ स्टार्टर मेलाय, तो परत येत नाही. रेडिएटरला भोक आहे. "पुढची चाकं सध्या ठीक हायत, सोपानराव. पर जुन्या गाडीचं आज ठीक म्हंजी आजच ठीक." आबांनी खर्च विचारला. मिस्त्रींनी पेन्सिल काढली, आबांच्या तोंडाकडं बघितलं, पेन्सिल परत कानामागं ठेवली आणि मेंढरांच्या वाड्याकडं बोट केलं. "क्लचला एक मेंढी. पाट्याला कोकरू. इंजिन उघडायचं तर तो मोठा मेंढा जाईल."

तेव्हापासून आमच्या घरात दुरुस्तीचा खर्च रुपयांत कुणी बोललंच नाही. मिस्त्री बोलायचे मेंढरांत, आबा सोडून द्यायचे मेंढरं. सेल्फ दोन कोकरांना पडला. बॅटरीला एक गाभण मेंढी गेली, तिच्यावर माय दोन दिवस जेवली नाही. सकाळी आमच्या घरात आधी मेंढरांचं बें बें, मग मायच्या भाकरी थापायचा आवाज आणि मग गाडीचं घरघरणं, असा क्रम असायचा. त्यातला पहिला आवाज महिन्यागणिक बारीक होत गेला. थंडीत इंजिन धरायचं नाही, म्हणून आबा स्वतःची घोंगडी रात्री बॉनेटवर टाकायचे आणि आपण चादरीवर निजायचे. रेडिएटर ऐन वाटेत गळला तर त्यात चमचाभर हळद टाकायची, ती भोकात बसते आणि काही कोस निभावतं, ही युक्ती मिस्त्रींनीच दिली. माय हळदीचा डबा देताना म्हणायची, "हळद लागली गाडीला. आता सासरी धाडून द्या तिला." तिनं गाडीचं नाव लांडगी ठेवलं होतं. पुढं म्हणायला लागली, "लांडगं बरं. त्याचं प्वाट भरलं की ते जातं तरी."

मला हे सगळं फार सुखाचं वाटत होतं, हे लिहायला आज संकोच वाटतो. मी रोज गॅरेजवर जायचो. मिस्त्री हाताखाली काम देत, शिकवत आणि दुपारी मला समोर बसवून खिचडी-खट्टा खायला लावत. त्यांच्या घरचा चिंचेचा खट्टा माझ्या जिभेवर अजून आहे. कधी आबा यायचे, चिंचेखाली दोघं तंबाखू मळत बसायचे आणि तासभर एक शब्द न बोलता उठायचे. आबांना आयुष्यात मित्र असा तो एकच. मिस्त्रींची एक रीत होती. गाडीतून काढलेला कुठलाही जुना भाग, अगदी गंजका नट असला तरी, ते फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "काढलेला माल मालकाचा. आपण काय काढलं ते त्याला दिसलं पायजे." आमच्या घरी अशा फडक्यांची एक पाटी भरली होती. माय त्याला लांडगीचे दात म्हणायची.

दुसऱ्या वर्षीच्या लगीनसराईत उजवं पुढचं चाक हुंकारायला लागलं. मिस्त्रींनी चाक उतरवलं, बेअरिंग काढून दिव्याशी धरलं आणि म्हणाले, गेलंय. मला चहा सांगायला पाठवलं. परत आलो तेव्हा ते हातानं फिरवायच्या धार लावायच्या चाकावरून ते बेअरिंग उचलत होते. काय करत होते, मी विचारलं नाही. त्यांनी ते फडक्यात बांधलं आणि म्हणाले, "नमुना म्हणून सोलापूरला घेऊन जा. हाच नंबर आण. दुसरा कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नको." त्या बेअरिंगला एक मेंढी पडणार होती. आबांनी ती कळंबच्या बाजारात विकून पैसे माझ्या वरच्या खिशात घातले आणि वरून सेफ्टी पिन लावली.

सोलापूरच्या बाजारात मी दुकानाच्या पायरीवर पोचलो होतो. पाय वर ठेवलेला होता. तेवढ्यात शेजारच्या दुकानात कुणीतरी एक हॉर्न वाजवून बघितला. सात सुरांचा. तोपर्यंत आमच्या गाडीला कर्कश पिपाणी होती, ती वाजली की म्हशी उधळत. हा हॉर्न वाजला आणि मला डोळ्यांसमोर दिसलं की मी वऱ्हाड घेऊन एका गावात शिरतोय आणि गावातल्या सगळ्या मुली उंबऱ्यात आल्या आहेत. हॉर्नची किंमत बेअरिंगएवढीच होती, चार-दोन रुपये इकडं तिकडं. एवढं बरोबर जुळलं म्हणजे ही देवाचीच इच्छा असणार, असं मला वाटलं. जुनं बेअरिंग तसं काही वाईट दिसत नव्हतं. फिरत होतं. आवाज करत होतं, पण आवाज म्हातारेही करतात.

एसटी स्टँडमागं एका गॅरेजबाहेरच्या कचऱ्यातून मी बेअरिंगचं रिकामं खोकं उचललं. गावाबाहेर ओढ्यावर उतरून रॉकेलनं ते जुनं बेअरिंग धुतलं, पॉलिश पेपरनं आरशासारखं घासलं. बाहेरच्या कडीच्या काठावर मला दोन बारीक खाचा दिसल्या, अगदी शेजारी-शेजारी. मी म्हटलं, कंपनीची खूण असेल. लहानपणापासून शेकडो मेंढरांच्या कानांवर त्याच दोन खाचा पाहिलेला मी, शंभर मेंढरांतून आपलं मेंढरू कानावरून काढून देणारा मी, असं म्हणालो. मग नवं ग्रीस भरलं आणि खाचा झाकल्या.

वऱ्हाड दुसऱ्या दिवशी निघायचं होतं आणि नेमके मिस्त्री तापानं अंथरुणाला लागले होते. मी त्यांच्याकडं गेलो तो गाडीची बॅटरी खांद्यावर घेऊन, तिला जोडलेला हॉर्न वाजवतच. त्यांनी पडल्या पडल्या विचारलं, "हे काय बँड आणलाय?" मी म्हणालो, दुकानदारानं बेअरिंगच्या गिऱ्हाइकीवर स्वस्तात दिला. ते हसले, हसता हसता खोकले. "त्या दुकानाचा पत्ता दे मला. असला दुकानदार मला अजून भेटला न्हाय." मग म्हणाले, बेअरिंग दाखव. मी म्हणालो, ग्रीस भरून घरी ठेवलंय, धूळ बसेल म्हणून आणलं नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना ती सफाई आवडली. उद्यापर्यंत थांबलास तर मी येऊन बसवतो, म्हणाले. मी म्हणालो, वऱ्हाड सकाळी आहे, मीच बसवतो. त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"नट किती आवळायचा?"

"पार शेवटपर्यंत. मग पाव फेरा मागं."

"पाव का?"

"लोखंड गरम झालं की फुगतं. त्याला जागा पायजे."

ते उशीवर मान टेकून समाधानानं पडून राहिले. संध्याकाळी आबा त्यांना भेटून आले. पोरानं बसवलेलं चालेल का, असं आबांनी विचारलं होतं. चांद मिस्त्रींनी सांगितलं होतं, "माझ्या हातानं बसवलंय असं समजा." आबांनी हे वाक्य चौकातल्या चार माणसांना सांगितलं. त्यांना माझा अभिमान वाटत होता. मी नट मात्र नेमका पाव फेरा मागं घेतला होता, त्यात काही कसूर नव्हती.

वऱ्हाडात चौदा शिटांत सव्वीस माणसं होती. नवरदेवाच्या बापानं तेरखेड्याहून फटाक्यांची दोन खोकी आणली होती, ती मागच्या बाकाखाली. त्यामुळं गाडीत विडी ओढायची नाही अशी सगळ्यांना तंबी होती आणि नवरदेवाचा मामा वाटेभर विडी कानावर ठेवून तिच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होता. कळंबच्या वाटेवर निम्म्यात चाक हुंकारायला लागलं. मी हॉर्न वाजवला, म्हणजे हुंकार ऐकू येणार नाही. चाकाचा आवाज वाढला, मी हॉर्न वाढवला. बायकांना वाटलं, मी हौसेनं वाजवतोय. त्यांनी गाणं धरलं. मग पुढून जळक्या ग्रीसचा वास आला आणि चाकाच्या बुंध्यातून धूर निघाला. कुणीतरी म्हणालं, "फटाके!"

पुढचं फार लवकर झालं. चाक जागीच जाम झालं, गाडी उजवीकडं ओढली गेली आणि चर उतरून करडईच्या रानात घुसली. थांबली तेव्हा उजव्या गुडघ्यावर बसलेल्या उंटासारखी दिसत होती. सरकता दरवाजा नेहमीप्रमाणं निघून पडला होता, त्यामुळं माणसं पटकन बाहेर आली. त्या दरवाजाचा आयुष्यात झालेला तो एकच उपयोग. करडईचे काटे पायात घेऊन सारं वऱ्हाड लांब पळालं. नवरदेव मुंडावळ्यांसकट बाभळीमागं लपला होता. फटाके उडाले नाहीत. उडाला तो हॉर्न. बटण आत रुतून बसलं होतं आणि त्या रिकाम्या रानात तो सात सुरांत वाजत राहिला, बॅटरी संपेपर्यंत. मी समोर उभा राहून ऐकत होतो. त्या दिवशी माझ्याविरुद्ध साक्ष देणारा तेवढा एकच होता आणि त्याची भाषा कुणाला कळत नव्हती.

मेलं कुणी नाही. पण मामा खिडकीबाहेर हात टाकून बसला होता. त्याचं कोपर मोडलं. ते बसवलं, पण हात पुढं कधी सरळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर माणसं जमली. नवरीकडच्या लोकांना मुहूर्त टळल्याचा राग होता, नवरदेवाच्या बापाला त्यांच्यासमोर झालेल्या अपमानाचा, आणि मामा हात गळ्यात बांधून मधोमध बसला होता. आबा कडेला उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. चांद मिस्त्री ताप अंगात असताना घोंगडी पांघरून आले. कुणीतरी चाकातून काढलेलं बेअरिंग पोत्यावर ठेवलं. आतले रोलर चुरडले होते, बाहेरची कडी शाबूत होती. मिस्त्री उकिडवे बसले, रॉकेलच्या फडक्यानं त्यांनी कडी पुसली आणि काठावरून अंगठा फिरवत आणला. एके ठिकाणी अंगठा थांबला. मागं गेला, पुन्हा तिथंच आला.

त्यांनी वर बघितलं ते सरळ माझ्याकडं.

"बिरू," ते म्हणाले, "दुकानदारानं खोकं तुझ्यासमोर फोडलं का?"

असा प्रश्न कुणी रागानं विचारत नाही. दार उघडं ठेवावं तसा तो प्रश्न होता. आता मला ते दिसतं. तेव्हा मला फक्त मामाचा बांधलेला हात दिसत होता आणि आबांच्या हातातली काठी.

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि लोकांकडं तोंड केलं. "बेअरिंग खराब हुतं. बसवायच्या आधी मी बघायला पायजे हुतं, बघितलं न्हाय. पोराचं त्यात काय न्हाय. माझं काम हाय ते."

मामा म्हणाला, "असलं काम?" आणि बांधलेला हात जरा उचलून सगळ्यांना दाखवला. आबा पुढं आले. माझ्यावर काठी उचलतील असं वाटलं होतं, पण ते मिस्त्रींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या शब्दावर म्या सव्वीस माणसं बसवली, चांदभाई." मिस्त्रींनी मान खाली घातली. बेअरिंग त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं, तेवढीच एक गोष्ट त्यांनी आपल्या रीतीविरुद्ध केली, आणि गेले.

मामाचा धंदा शेळ्यांच्या दलालीचा. दर आठवड्याला चार बाजार. प्रत्येक बाजारात लोक विचारायचे, हात काय झाला, आणि तो सांगायचा, चांद मिस्त्रीचं काम. त्या वाकड्या हातानं सांगितलेली गोष्ट कोण विसरणार? आधी ट्रॅक्टरवाले गेले, मग जीपवाले. चिंचेखाली गाड्या दिसेनात. आबा त्या वाटेनं जायचे बंद झाले. तंबाखू ते घरीच एकटे मळायचे, आणि मळून झाल्यावर सवयीनं तळहात पुढं करायचे, दुसऱ्यानं चिमूट घ्यावी म्हणून. समोर कुणी नसायचं. हे मी रोज बघायचो. रोज ठरवायचो की आज सांगू. माझ्याइतक्या वेळा ठरवलेला माणूस पंचक्रोशीत नसेल.

वर्षभरानं मिस्त्रींनी गॅरेज मोडलं आणि लातूरकडं निघाले. पत्रे, हत्यारं, ते धार लावायचं चाक, सगळं एका भाड्याच्या टेम्पोत चढवायला मी गेलो. आपण फार मोठं मन दाखवतोय असं मला वाटत होतं. शेवटचा पत्रा चढल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि खिशातून फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. वजनावरूनच कळलं.

"काढलेला माल मालकाचा," ते म्हणाले. मग काठावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या खाचा तुझ्या बापाकडून शिकलो. माझंच काढलेलं कुणी मला नवं म्हणून इकू नये." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला काय, मी चाललो. सोपानरावांना तेवढं सांग. त्यांना वाटतंय, मी त्यांना फशिवलं."

आबांना मी सांगितलं नाही. आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. लांडगीनं शेवटची मेंढी खाल्ली, मग आम्ही तिला भंगारात दिलं, हॉर्न एका ट्रकवाल्यानं नेला. मी साखर कारखान्यावर वजनकाट्याची नोकरी धरली. लोक मला सचोटीचा माणूस म्हणत, काट्यावर माझा हात कधी हलला नाही. मिस्त्रींनी सगळं का ओढून घेतलं, याची मी पुष्कळ उत्तरं केली. दिलेल्या शब्दाला जागले, असं एक. आबांनी मला जिवंत ठेवलं नसतं म्हणून, असं दुसरं. कुठलंही उत्तर केलं तरी त्यात मी बरा दिसत नाही, म्हणून मी त्यातलं एकही पक्कं धरलं नाही. लातूरला मिस्त्री वारल्याचं कळलं, त्या दिवशी मी एसटीत बसलो. मुरूडला चहाला उतरलो. एसटी सुटली, ती मी जाऊ दिली. पलीकडच्या बाजूला उभं राहून परतीची पकडली. घरी विचारलं तर सांगितलं, गाडी बिघडली.

या वहीत इथवर लिहून झाल्यावर मी एका सकाळी ती पुरचुंडी घेऊन पारावर गेलो. फडकं कुजलं होतं, ते बदललं नव्हतं. जमलेल्यांसमोर बेअरिंग ठेवलं, दोन खाचा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पार हादरेल. माझ्या वयाचा नामदेव, त्या वऱ्हाडात होता तो, बराच वेळ बेअरिंगकडं बघत बसला. मग म्हणाला, "करडईचं काटं माझ्या पायात हुतं ते तुझं का मग?" बाकी पोरं गोंधळून गेली. त्यांना चांद मिस्त्री खरा माणूस होता, हेच नवं होतं. मी म्हणालो, यापुढं काही बिघडलं तर माझं नाव घ्या, त्यांचं नको. सरपंच ओशाळला. "आण्णा, तुमचं नाव कसं घ्यायचं? तुम्ही वडीलधारे." म्हणजे जो निर्दोष होता त्याचं नाव गावानं इतकी वर्षं बिनदिक्कत वापरलं, आणि मी, वयानं पिकल्याच्या जोरावर, यातूनही सुटत होतो. त्याच आठवड्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला. मी रांगेत होतो. गिरणीवाला "चांद मिस्..." इथपर्यंत आला, मला बघितलं आणि "कुणाचं तरी काम झालं" असं म्हणून पट्टा जोडायला लागला.

परवा मी ओट्यावर बसलो होतो. आत सून शेंगदाण्याचा कूट करत होती. मिक्सरनं एकदा घुर्र केलं, जळका वास आला आणि तो बंद पडला. मला वाटलं, आता आतून ते बोलणं येईल. पण आत सगळं गप्प. मग ती पदराला हात पुसत दारात आली. या वहीतली पानं तीच माझ्याकडून ऐकते, माझं अक्षर तिला लागत नाही म्हणून मी वाचून दाखवतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मामंजी, तुमचं काम झालं बघा."

मी म्हणालो, "पुन्हा म्हण."

"कशाला?"

"शेजारी ऐकू गेलं नसेल. नाव घेऊन म्हण."